ग्योटिंगनमधली पीएचडी: थिसिस जमा केल्यापासून डिग्री हातात पडेपर्यंत

जर्मनीला यायचं म्हटलं की व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं बँक खातं) आणि खोली यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. शेवटच्या टप्प्याबद्दल मात्र मला फारसं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. माझी पीएचडी रसायनशास्त्रातली, स्वस्त धातूंपासून उत्प्रेरक बनवण्यावरची. ग्योटिंगन हे हॅनोव्हरच्या दक्षिणेचं, सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचं गाव. त्यात विद्यार्थीच वीस हजारांच्या वर. १७३७ मध्ये इथलं विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून गावाचं सगळं त्याच्याभोवती फिरत आलंय.

थिसिस जमा करणं हे तसं कागदोपत्री काम. छापलेल्या प्रती, बायोडेटा, हे काम माझं स्वतःचं आहे असं सही करून दिलेलं प्रतिज्ञापत्र आणि परीक्षा समितीतल्या प्राध्यापकांची नावं. या सगळ्या प्राध्यापकांना एकाच दिवशी मोकळं सापडणं, हे त्यातलं खरं अवघड काम. तारखेसाठी शक्य तितक्या लवकर मेल पाठवायला लागा. त्यानंतर गाइड आणि दुसरे परीक्षक आपापला अहवाल लिहितात आणि तुम्ही वाट बघत बसता.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत मी गाव खऱ्या अर्थाने पाहिलं. एरवी नॉर्थ कॅम्पसची बस, लॅब आणि खोली, एवढंच माझं ग्योटिंगन होतं. जुन्या गावाभोवती एके काळी तटबंदी होती. तिच्या मातीच्या बांधावरून आता झाडांखालून जाणारी पायवाट आहे, रमतगमत चाललं तरी तासाभरात प्रदक्षिणा होते. वाटेत गणितज्ञ गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर यांचा पुतळा लागतो. या दोघांनी १८३३ मध्ये वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये घरांच्या छपरांवरून तार ओढली आणि विजेने निरोप पाठवले. गावातल्या घरांवर पांढऱ्या संगमरवरी पाट्या दिसतात: इथे कोण राहत होतं आणि कोणत्या साली. खाली बेकरी, वर एखाद्या गणितज्ञाचं नाव. पाव घ्यायला उभं राहिलं की आपोआप वाचलं जातं.

शहराच्या पश्चिमेला मोठी दफनभूमी आहे, श्टाटफ्रीडहोफ. तिथे नोबेल मिळालेल्या आठ जणांच्या कबरी आहेत आणि त्यांतले पाच रसायनशास्त्रातले: हान, नेर्न्स्ट, वालाख, विंडाउस, झिगमाँडी. बाकीचे तीन माक्स प्लांक, फॉन लाउए आणि माक्स बोर्न. बोर्न यांच्या दगडावर त्यांचं क्वांटम सिद्धान्तातलं समीकरण कोरलंय. त्यासमोर मी बराच वेळ उभी होते. एमएस्सीला ते समीकरण मी घोकलं होतं. ते लिहिणाऱ्या माणसाला हेच गाव सोडून जावं लागलं, हे तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं.

१९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारने कायदा करून ज्यू प्राध्यापकांना नोकऱ्यांतून दूर केलं. बोर्न गेले, गणितज्ञ एमी न्योटर गेल्या, रिशार्ड कूरांट गेले. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक पहिल्या महायुद्धात लढलेले, म्हणून त्यांना सूट होती. त्यांनी निषेध म्हणून आपणहून राजीनामा दिला. मे महिन्याच्या १० तारखेला इथल्याच विद्यार्थ्यांनी आजच्या आल्बानिप्लाट्झ या चौकात पुस्तकं जाळली. पुढे बोर्न काही महिने बंगळूरला रामन यांच्याकडे होते, तिथे कायमची जागा झाली नाही आणि ते एडिंबराला गेले. जगातल्या गणित आणि भौतिकशास्त्राच्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक काही महिन्यांत मोडलं आणि ते मोडायला बाहेरून कुणाला यावं लागलं नाही. इथे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच आठवड्यात आल्बानिप्लाट्झवर जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं. तिथून गाउसची कबर अगदी जवळ आहे, तीही बघून होते.

मी पुण्याची. डेक्कन कॉलेजवरून कितीतरी वेळा गेले असेन, पण फ्रान्झ कीलहॉर्न हे नाव मला इथे आल्यावर कळलं. हे गृहस्थ १८६६ ते १८८१ पुण्यात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. आपल्या पंडितांच्या सहवासात त्यांनी व्याकरणाचा अभ्यास केला, पतंजलीच्या महाभाष्याची संपादित आवृत्ती मुंबईहून काढली आणि मग ग्योटिंगनला येऊन १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच शिकवलं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये पीएचडी दिली तीही याच विद्यापीठाने. हे वाचल्यावर मला परकं वाटायचं बरंच कमी झालं. कॉलेजच्या लॅबमधल्या ज्या सार्टोरियसच्या तराजूवर मी वजनं करायला शिकले, ती कंपनीही ग्योटिंगनचीच, १८७० ची.

डिफेन्सची, म्हणजे थिसिसवरच्या तोंडी परीक्षेची, तारीख आली. तो इथे खुला असतो, कुणीही येऊन मागे बसू शकतं. अर्धा तास बोलायचं, मग समितीचे प्रश्न. पहिला प्रश्न एका आलेखातल्या एकाच बिंदूवर आला: याचा एरर बार (मोजमापात किती चूक असू शकते ते दाखवणारी रेघ) बाकीच्यांपेक्षा मोठा का? उत्तर मला माहीत होतं. पदार्थ लवकर उडून जाणारा आणि नमुना फार थोडा होता, त्यामुळे वजनातली चूक प्रमाणात जास्त दिसत होती. पण मग दुसऱ्या प्राध्यापकांनी त्याच बिंदूवरून विचारलं, तिसऱ्यांनीही, आणि बघता बघता पुढे कोणता प्रयोग करायला हवा यावर सगळे आपसात बोलू लागले. तेव्हा माझी भीती गेली. तयारी करणाऱ्यांना एवढंच सांगेन, आपल्या सगळ्यात कच्च्या आकड्याची तयारी सगळ्यात पक्की करा. नंतर तुम्हाला बाहेर काढतात, आत चर्चा होते आणि परत बोलावून निकाल सांगतात.

इमारतीच्या दाराशी लॅबमधली मंडळी बोलरवॉगन घेऊन तयार होती. हा हाताने ओढायचा चार चाकी लाकडी गाडा, फुगे आणि पताकांनी सजवलेला. डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, तीही त्यांनीच गुपचूप बनवलेली. तिच्यावर कागदाचा प्रेशर कुकर, छोटासा तराजू आणि तो मोठा एरर बार असलेला आलेख चिकटवलेला होता. नवीन डॉक्टरने गाड्यात बसायचं, इतरांनी ओढायचं, थेट जुन्या टाउन हॉलसमोरच्या कारंजापर्यंत. कारंजावर गेन्झेलीझेल आहे, हंस घेऊन उभी असलेली मुलगी. कारंजं १९०१ चं, आज तिथे आहे ती प्रतिकृती आणि मूळ मूर्ती गावच्या संग्रहालयात आहे. वर चढायचं, तिच्या गालाचं चुंबन घ्यायचं आणि फुलं वाहायची. १९२६ मध्ये या चुंबनावर बंदी आली, एक विद्यार्थी कोर्टात गेला आणि हरला, तरी प्रथा चालूच राहिली.

मी चढत असताना फोनवर व्हिडिओ कॉल चालू होता. ‘‘अगं, साडीत पाय अडकेल, नीट धर!’’ आईचा आवाज चौकात सगळ्यांना ऐकू गेला. बाजार करून चाललेल्या एक आजी थांबल्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि विषय विचारला. मी सांगितला, तर पिशवी खाली ठेवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

वर उभी असताना मला डोरोथेया श्लोत्सर आठवली. १७८७ मध्ये, सतराव्या वर्षी, याच विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली. पण अविवाहित मुलगी म्हणून तिला समारंभात बसू दिलं नाही, तिने तो शेजारच्या ग्रंथालयाच्या खिडकीतून पाहिला.

आता शेवटचं, जे बरेच जण विसरतात. चुंबन झालं म्हणून नावापुढे लगेच डॉक्टर लावता येत नाही. समितीने सुचवलेल्या दुरुस्त्या करायच्या, थिसिस विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे प्रकाशनासाठी द्यायचा आणि प्रमाणपत्र हातात आल्यावरच पदवी लावायची. ग्रंथालय थिसिस ऑनलाइन ठेवतं, कुणालाही फुकट वाचता येतो. पेटंट किंवा शोधनिबंध अडकला असेल तर काही काळ रोखून ठेवता येतो, पण तसं आधी लेखी कळवावं लागतं. मी रोखला नाही. त्यातला पाचवा भाग त्या एरर बारचा आहे. पुढचा प्रयोग आता लॅबमधली नवी मुलगी करते आहे.