तुम्ही विचारलंत म्हणून: हेक्स असताना ओकेएलसीएच कशासाठी?

माझ्याकडे स्टाइलशीटचे, म्हणजे वेब पानांचे रंगरूप लिहिण्याचे, काम शिकायला येणारी मुले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारतात, आणि थोडेफार तांत्रिक जाणणारे ग्राहकही तोच प्रश्न जरा धास्तावून विचारतात. हेक्समध्ये, म्हणजे #ff0000 सारख्या संकेतांत, लिहिलेले रंग सगळीकडे चालतात, मग ओकेएलसीएच ही उजळपणा, तीव्रता आणि छटेचा कोन अशा तीन आकड्यांनी रंग लिहिण्याची नवी पद्धत वापरून जुन्या ब्राउझरची काळजी कशाला ओढवून घ्यायची? काळजी ओढवते हे खरे आहे. तरीही मी ती घेते आणि त्याची कारणे अगदी कामापुरती आहेत.

एचएसएल या रंग लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचाही उजळपणा ५० टक्के लिहिला जातो. हे दोन रंग शेजारी ठेवून पाहिले तर त्या आकड्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, कारण पिवळ्यावर पांढरी अक्षरे ठेवल्यास कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर, जेमतेम १.०७ भरतो आणि निळ्यावर तोच ८.५९ होतो. साध्या मजकुरासाठी सुगम्यतेच्या नियमांत किमान ४.५ अपेक्षित आहे. ओकेएलसीएचमध्ये याच पिवळ्याचा उजळपणा सुमारे ९७ टक्के येतो आणि निळ्याचा सुमारे ४५ टक्के, म्हणजे डोळ्याला जे दिसते त्याच्या आसपासच आकडाही राहतो. एखाद्या पानावर दहा विभागांसाठी दहा रंगांच्या पट्ट्या करायच्या असतील, तर उजळपणा एकच ठेवून फक्त छटेचा कोन फिरवला की पांढरी अक्षरे बहुतेक सर्व पट्ट्यांवर सारखीच वाचता येतात. शेवटी कॉन्ट्रास्ट मोजून पाहावा लागतोच, पण प्रत्येक रंगाशी स्वतंत्रपणे झटापट करावी लागत नाही. पिवळ्याचा अपवाद मात्र कायम राहतो. उजळपणा ५० टक्क्यांवर आणला की तो शेवाळी किंवा खाकी दिसू लागतो, आणि त्याला कोणतेही सूत्र काही करू शकत नाही.

ओकेएलसीएच ही ब्यर्न ओटोसन यांनी डिसेंबर २०२० मध्ये मांडलेल्या ओकेलॅब या रंग मोजण्याच्या पद्धतीवर उभी आहे. १९७६ सालची जुनी लॅब पद्धत बऱ्याच रंगांना बरी होती, पण निळा फिका करत गेले की तो जांभळ्याकडे झुकायचा, आणि ओटोसन यांनी ही खोड काढण्याकडे मुद्दाम लक्ष दिले. रंगांच्या मिश्रणातही फरक चटकन दिसतो. एसआरजीबीमध्ये, म्हणजे साध्या पडद्यांच्या नेहमीच्या रंगव्यवस्थेत, शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा निम्मे-निम्मे मिसळले तर मधोमध निर्जीव राखाडी येतो, तर ओकेएलसीएचमध्ये तिथे हिरवट-निळी छटा येते. ग्रेडियंटच्या, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात सरकत जाणाऱ्या पट्ट्याच्या, मध्यभागी धूळ बसल्यासारखे का दिसते, हे मला कित्येक वर्षे कळले नव्हते.

आता जुन्या ब्राउझरकडे वळते. सफारीने ओकेएलसीएच १५.४ या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०२२ मध्ये, स्वीकारले. क्रोमने मार्च २०२३ मध्ये १११व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्सने मे २०२३ मध्ये ११३व्या आवृत्तीत तेच केले. त्यापूर्वीच्या ब्राउझरसाठी सीएसएस या स्टाइलशीटच्या भाषेत अगदी पहिल्यापासून, म्हणजे १९९६ पासून, एक सोय आहे. ब्राउझरला न समजणारी ओळ तो मुकाट्याने सोडून देतो आणि समजलेल्या ओळींपैकी शेवटची लागू करतो. त्यामुळे पहिल्या ओळीत हेक्स आणि तिच्याखाली त्याच प्रॉपर्टीसाठी ओकेएलसीएच लिहिले की जुना ब्राउझर पहिल्या ओळीवर थांबतो आणि नवा दुसरी घेतो. क्रम उलटा केला तर नव्या ब्राउझरलाही हेक्सच मिळतो, आणि ही चूक घाईत फार सहज होते.

इतके सोपे असूनही माझी फजिती झाली ती व्हेरिएबलमुळे, म्हणजे रंगाला एकदा नाव देऊन तेच नाव सगळीकडे वापरायच्या सोयीमुळे. एका साडीच्या दुकानासाठी मी पान केले होते आणि सगळे रंग व्हेरिएबलमध्ये ओकेएलसीएचनेच लिहिले होते. बटणावर मात्र मी प्रथेप्रमाणे आधी हेक्सची पार्श्वभूमी आणि खाली व्हेरिएबलची पार्श्वभूमी अशा दोन ओळी ठेवल्या होत्या. मालकांचा फोन आला, “मॅडम, मोबाइलवर बटण दिसतंय, पण गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरवर नुसती कोरी जागा आहे.” त्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ होते. विंडोज ७ वर क्रोम १०९व्या आवृत्तीपाशी थांबतो, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या आवृत्तीच्या दोन पावले अलीकडे.

दोष कॉम्प्युटरचा नव्हता, माझा होता. ओळीत व्हेरिएबल असले की ब्राउझर ती वाचताना तिची पारख करू शकत नाही, कारण व्हेरिएबलमध्ये काय निघेल हे त्याला नंतरच कळते. तो ती ओळ योग्य समजून ठेवतो आणि वरची हेक्सची ओळ त्याच क्षणी बाद होते. पुढे व्हेरिएबलमधून न समजणारा रंग निघाला, तर परत फिरून हेक्सकडे जायची वाट उरलेली नसते. पार्श्वभूमी पारदर्शक होते, आणि माझ्या बटणावरची पांढरी अक्षरे पांढऱ्या पानावर विरघळून गेली. व्हेरिएबलच्या कंसात स्वल्पविरामानंतर पर्यायी रंग लिहिला की संरक्षण मिळते, असा समज मी अनुभवी लोकांतही पाहिला आहे. तो पर्याय व्हेरिएबलला किंमतच दिलेली नसेल तेव्हा वापरला जातो. किंमत आहे पण ब्राउझरला ती समजत नाही, अशा वेळी त्याचा काहीही उपयोग होत नाही.

तेव्हापासून मी मूळ व्हेरिएबलमध्ये हेक्स ठेवते आणि ॲट-सपोर्ट्सच्या अटीत, ब्राउझरला ओकेएलसीएच कळत असेल तरच, त्याच व्हेरिएबलला नवी किंमत देते. अट लिहिताना प्रत्येक फंक्शनची चौकशी वेगळी करावी लागते. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही, त्यामुळे शेवटपर्यंत अद्ययावत ठेवलेल्या त्या फोनवर ओकेएलसीएच चालते, पण कलर-मिक्स हे दोन रंग मिसळणारे फंक्शन चालत नाही, कारण सफारीत ते १६.२ पासून आले. विंडोज ७ वर फायरफॉक्स ११५ पर्यंत मिळतो आणि त्यात ही दोन्ही आहेत, मात्र एका रंगावरून दुसरा रंग काढण्याची सापेक्ष रचना फायरफॉक्समध्ये १२८व्या आवृत्तीत आली. एक समजले म्हणजे सगळे समजले, असे गृहीत धरले की पुन्हा कुठेतरी कोरी जागा दिसते.

हे सर्व आपोआप करून देणारी साधने आहेत आणि मी पोस्टसीएसएस वापरतेही. पण साधनाला लक्ष्य ब्राउझरची यादी आपण देतो, आणि त्या यादीत गल्ल्यावरचा कॉम्प्युटर नसेल तर साधनाला तो आहे हे कळणार कसे? शिवाय दुकानाच्या ओळखीचा रंग मी यंत्रावर सोपवत नाही. या दुकानाचा रंग राणी होता, आणि ओकेएलसीएचमध्ये तो इतका भडक लिहिता येतो की एसआरजीबीच्या मर्यादेबाहेर जातो. डिस्प्ले-पी३ या जास्त भडक रंग दाखवू शकणाऱ्या पडद्याच्या फोनवर तो खुलतो, तर साध्या मॉनिटरवर ब्राउझर त्याला छाटून मर्यादेत बसवतो आणि त्या छाटणीत छटा किंचित सरकू शकते. मालकांनी फोन आणि मॉनिटर शेजारी ठेवून विचारले, “यातला खरा कोणता?” म्हणून मूळ राणी रंग आम्ही दोघांनी त्यांच्या साध्या मॉनिटरवर, साडीचा पदर शेजारी धरून, हेक्समध्ये ठरवला. ओकेएलसीएचची तीव्रता मी त्याच मर्यादेत ठेवली, आणि पी३ पडद्याची अट पूर्ण होत असेल तिथेच ती थोडी वाढवली.

माझ्या टेबलावर आता विंडोज ७ आणि क्रोम १०९ असलेला एक जुना लॅपटॉप कायम असतो. काम सोपवण्यापूर्वी पान त्यावर उघडते, आणि ‘ऑर्डर नोंदवा’ हे बटण साध्या राणी रंगात दिसले की तो बंद करते.