‘डुबुक’ वाजेपर्यंत: आमची वाटचाल

तेरेखोलच्या खाडीत खडकाला घासून तंगूस तुटला आणि माझ्या धाकट्या भावाचा शेवटचा पॉपर फ्लाय, म्हणजे मासे पकडायचा तरंगता गळ, गेला. सहाशे रुपयांचा. मामेभावाने दुबईहून फ्लाय रॉड (असा गळ टाकायची काठी) आणला होता, त्याबरोबर आलेल्या तीन पॉपरपैकी हा तिसरा. भाऊ घरी आला आणि न जेवताच झोपला. मी तेव्हा सावंतवाडीत घरीच ब्लाऊज शिवून द्यायची. सकाळी त्याने मोबाईलवर हरवलेल्या पॉपरचा फोटो दाखवला. मी तो मोठा करून पाहिला. शेपटीला कोंबड्याची पिसं, त्यावर दोऱ्याचे वेढे, पुढे रंगवलेलं बूच. दोरा आणि पिसं म्हणजे माझंच काम की!

ज्यांनी पॉपर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हा गळ पाण्यावर तरंगतो. पुढच्या तोंडाला खोलगट वाटी असते. दोरी झटकली की वाटीपुढचं पाणी फुटतं, सोबत हवा ओढली जाते आणि ‘डुबुक’ असा आवाज येतो. खालच्या मरळ, चणक किंवा तांबोशी माशाला वाटतं, वर बेडूक किंवा छोटी बोय मासळी धडपडतेय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टेनेसीमधल्या चॅटनूगा गावी अर्नेस्ट पेकिनपॉ यांनी बुचाचे असे गळ बनवून विकायला सुरुवात केली. आम्हालाही बूचच सापडलं, कारण गोवा शेजारी. भावाचा मित्र तिकडे हॉटेलात कामाला होता, तो वाईनच्या बाटल्यांची बुचं पिशवी भरून पाठवायचा. साधारण २४ मिलिमीटर जाडीच्या बुचाचे उभे चार तुकडे केले की प्रत्येकातून जेमतेम १० मिलिमीटरचं गोल अंग निघतं. पाटबंधाऱ्यातल्या मरळीला तेवढं पुरतं.

पहिले चाळीस नग पुण्याच्या एका दुकानदाराला दिले आणि महिन्याभरात त्यातले एकतीस परत आले. मासा लागून झटके देऊ लागला की बुचाचं अंग गळाच्या दांड्यावर गरगर फिरायचं. वाटी खाली, पोट वर. तो दिवस मला विसरता येत नाही, कारण चूक माझीच होती. दांडा सरळ आणि गुळगुळीत, त्यावर पाच मिनिटांत सुकणारा डिंक! दुकानदाराने एक शब्दही वाकडा काढला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. मी सगळे पैसे परत केले.

त्यानंतर पद्धत बदलली. आता मध्ये कुबड असलेल्या दांड्याचेच गळ मागवतो. आधी शेपटी बांधायची, मग दांड्यावर दोऱ्याचे आडवेतिडवे वेढे घ्यायचे, म्हणजे डिंकाला धरायला जागा मिळते. बुचाच्या पोटाला हॅकसॉच्या पात्याने खाच पाडायची, सावकाश सुकणारा दोन नळ्यांचा डिंक भरायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. दांडा पोटाच्या अगदी खालच्या कडेला बसला पाहिजे. तो वर गेला तर गळाचं टोक आणि बूच यांच्यामधली फट कमी होते, मासा तोंड घालतो पण गळ लागत नाही. बुचावरची भोकं बुचाचाच भुसा डिंकात कालवून बुजवतो.

पण वाटी मात्र जमत नव्हती. खोल झाली तर पॉपर पाण्याला चिकटून बसतो, रॉडने उचलताना मनगट दुखतं. उथळ झाली तर नुसता घसरत येतो, आवाजच नाही. खालचा ओठ पुढे राहिला तर नाक खुपसतो. या अडचणीत मी चितारआळीतल्या एका काकांकडे गेले. आयुष्यभर त्यांनी लाकडी फळं आणि खेळणी कातली होती, वय झाल्यामुळे काम बंद केलं होतं. मी पॉपर त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, बादलीत सोडला आणि दोरीने झटका दिला. मग म्हणाले, “बाय, ह्येचा तोंड नीट नाय. आवाज काय तो तोंडातसून येता.”

उपाय त्यांनीच शोधला. पोरांच्या खेळातली काचेची गोटी घेतली, तिला बारीक पॉलिश पेपर चिकटवला आणि बुचाचं तोंड तिच्यावर फिरवायला लावलं. मोजून बारा फेरे. प्रत्येक वाटी सारखी! आजही आमच्याकडे तीन आकारांच्या गोट्या आहेत आणि नवीन मुलगी कामाला लागली की पहिला आठवडा ती फक्त गोटीवर बसते.

काकांमुळेच आम्ही लाकडाकडे वळलो. खाडीतल्या मोठ्या माशाला बूच टिकत नाही. त्यांनी पांगारा सुचवला. सावंतवाडीची खेळणी याच लाकडाची, हलकं आणि कातायला लोण्यासारखं. पण ते पाणी पितं, म्हणून रंगाआधी तीन वेळा त्याची छिद्रं बंद करून घ्यावी लागतात. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढरी झाक येते, म्हणून जून ते ऑगस्ट आम्ही रंगकाम ठेवतच नाही, फक्त शेपट्या बांधतो. पिसं गावठी कोंबड्याच्या मानेचीच हवीत, ब्रॉयलरची पाण्यात लोळत नाहीत, नुसती चिकटून राहतात. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका ती धुऊन, वाळवून, लांबीप्रमाणे जुड्या करून देतात.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये कुरिअर बंद झालं आणि चार महिने एक नग गेला नाही. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, मी पुन्हा ब्लाऊज शिवले.

आज आम्ही पाच जण आहोत. विहिरीशेजारच्या दगडी टाकीत प्रत्येक नग सोडून झटकून पाहतो, ‘डुबुक’ वाजला तरच डबीत जातो. यात वेळ जातो, मागणीएवढा माल होत नाही, पण टाकी सोडायची नाही हे आमचं ठरलेलं आहे. डबीत एक चिठ्ठी असते: पॉपर पडला की वलयं विरेपर्यंत थांबा, मगच पहिला झटका द्या. खाली दुसरी ओळ: पाण्यावर मरळीच्या लालसर पिलांचा घोळका दिसला तर तिथे टाकू नका, आई-बाप खालीच असतात. गळाचे उलटे काटे आम्ही पक्कडीने दाबूनच देतो, म्हणजे मासा सोडायचा असेल तर त्याचं तोंड फाटत नाही.

सध्या भावाच्या हट्टाने कोकर माशासाठी मोठा पॉपर चालू आहे. शिवणीच्या लाकडातून स्टेनलेसची तार आरपार घातली आहे, शेपटीकडे शिशाचं वजन आहे. वेंगुर्ल्याच्या खडकांवर पाच नेले होते. तीन चांगले वाजले, दोन तारेच्या भोकापाशी चिरले. काका म्हणतात, भोक आधी पाडून मग कातलं पाहिजे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नवे पाच कातायला घेतले आहेत, तोवर तो विक्रीला काढलेला नाही.