रॅटच्या हृदयपेशी वयात येताना पाहणं : माझा अनुभव

सांगलीत मटणाच्या दुकानात बकऱ्याचं दिल सहज मिळतं, म्हणून हृदयपेशी जन्मानंतर प्रौढ कशा होतात हे पाहण्याचं काम तिथूनच सुरू करावंसं वाटतं. त्यात हशील नाही. करडू जन्मल्यावर थोड्याच वेळात चालायला लागतं. त्याच्या भाऊबंद मेंढीतही हृदयपेशींत दोन केंद्रकं होण्याचं काम बरंचसं गर्भातच उरकलेलं असतं. रॅटचं पिल्लू मात्र डोळे मिटलेलं, बिनकेसांचं जन्मतं आणि मोठे बदल नंतरच्या काही आठवड्यांत होतात. म्हणून प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीनं 1, 7, 14, 21 आणि 90 दिवसांची हृदयं घेतली.

सगळ्यात घातक चूक पहिल्या पाच मिनिटांत होते. हृदय आकुंचन पावलेल्या अवस्थेत फिक्स झालं (रसायनानं आहे त्या आकारात पक्कं झालं), तर सार्कोमिअरची, म्हणजे पेशीतल्या आकुंचनाच्या सर्वांत लहान एककाची, लांबी मोजण्यात काही अर्थ उरत नाही. नवजात पेशीत ती साधारण 1.6 मायक्रॉन, तर प्रौढ, शिथिल पेशीत 2.2 च्या आसपास असते. माझ्या पहिल्या खेपेत 90 दिवसांच्या हृदयात 1.7 आली! पेशी लहान नव्हती, आखडलेली होती. नंतर हृदय काढल्याबरोबर बर्फगार द्रावणात टाकायला लागलो: पोटॅशियम क्लोराइड 30 मिलिमोलर, कॅल्शियम अजिबात नाही. ठोका थांबला, स्नायू सैल पडला, की मगच फिक्स करणारं 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड. मोठ्या हृदयात ते महाधमनीतून सोडतो. एका दिवसाच्या पिल्लाची महाधमनी इतकी बारीक, की नळी घालताना फाटते. ते हृदय सरळ बुडवून ठेवतो.

केंद्रकं मोजायला पेशी सुट्या हव्यात. 50 ग्रॅम केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) 50 मिली पाण्यात विरघळवतो. भांडं प्लास्टिकचं, बर्फावर ठेवलेलं, आणि गोळ्या थोड्या थोड्या टाकायच्या, कारण द्रावण भसकन तापतं. चष्मा आणि हातमोजे हवेतच. फिक्स केलेले 1-2 मिमीचे तुकडे त्यात रात्रभर. सकाळी द्रावण ओतून बफरनं (आम्लता स्थिर राखणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणानं) धुवायचं आणि रुंद तोंडाच्या पिपेटनं हळू खालीवर करायचं. बफर डिस्टिल्ड पाण्यातच करा. आमच्या बोअरच्या पाण्यात फॉस्फेटचा पांढरा साका बसतो आणि स्लाइडवर तोच कचरा मिरवतो. पिपेटचं टोक निमुळतं असलं, की प्रौढ पेशी मधोमध तुटते. ती विटेसारखी, 100 ते 150 मायक्रॉन लांब असते. दोन केंद्रकांच्या एका पेशीचे मग एककेंद्री दोन तुकडे होतात आणि मोजणी फसते. म्हणून ज्या पेशीची दोन्ही टोकं शाबूत, तीच मोजायची. रॅटमध्ये पहिल्या दिवशी बहुतेक पेशी एककेंद्री असतात. चौथ्या दिवसापासून केंद्रक विभागतं, पण पेशी विभागत नाही. बाराव्या दिवसापर्यंत हे बहुतांशी संपतं आणि शेवटी दहातल्या आठ-नऊ पेशी द्विकेंद्री दिसतात. माणसाला हा आकडा लावू नका. आपल्या बहुसंख्य हृदयपेशी एककेंद्रीच राहतात.

केओएचमधल्या पेशी अँटिबॉडीनं ठरावीक प्रथिनं रंगवण्याच्या कामाच्या नाहीत. त्यासाठी वेगळ्या हृदयाचे गोठवलेले काप लागतात, आणि पॅपिलरी स्नायूचे (हृदयाच्या झडपा धरून ठेवणाऱ्या स्नायूचे) उभेच. आडव्या कापात पेशीचं टोक कुठलं आणि कूस कुठली, हेच कळत नाही. पेशी-पेशींत विजेचा दुवा साधणाऱ्या कनेक्सिन 43 या प्रथिनाच्या बाबतीत तर सगळा प्रश्न तेवढाच आहे. पहिल्या दिवशी त्याचे ठिपके पेशीभोवती सगळीकडे पसरलेले असतात. 21 दिवसांच्या कापावर एन-कॅडहेरिन हे पेशींना जोडून धरणारं प्रथिन बऱ्यापैकी टोकांना गेलेलं दिसतं, पण कनेक्सिनचे ठिपके अजून कुशीला रेंगाळतात. आधी पेशी एकमेकींना घट्ट धरतात, विजेचे दुवे मागाहून तिथे येऊन बसतात. रॅटमध्ये ते टोकाला पक्के व्हायला जवळजवळ 90 दिवस, माणसात सहा-सात वर्षं लागतात.

टी-नलिकांचं (पेशीच्या पडद्यापासून आत शिरणाऱ्या बारीक नळ्यांचं) काम साध्या सूक्ष्मदर्शकावर भागत नाही. नलिका जेमतेम 200 नॅनोमीटर जाड. कन्फोकल (लेझरनं एकेक पातळ थर टिपणारा सूक्ष्मदर्शक) आमच्याकडे नाही, स्लाइड पुण्याला न्याव्या लागतात. कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशनं बंद करायच्या, वर फॉइल, मग थर्माकोलचा डबा. माउंटिंगचं द्रव चोवीस तास सुकू न देता एसटीत बसलात, तर कव्हरस्लिप सरकते आणि काप चोळवटतात. डब्ल्यूजीएनं (पेशीच्या पडद्याला चिकटणाऱ्या, रंग लावलेल्या प्रथिनानं) रंगवल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त पेशीची कड उजळते. दहाव्या दिवसानंतर आत तुरळक रेघा दिसू लागतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुमारे दोन-दोन मायक्रॉनवर झेड-रेषांना (सार्कोमिअरच्या सीमांना) धरून पट्टे. 14 दिवसांच्या स्लाइडवर रेघा वेड्यावाकड्या, बऱ्याचशा लांबीच्या दिशेनं धावणाऱ्या असतात. रंग बिघडला समजून मी तशा दोन स्लाइड टाकून दिल्या होत्या.