तुम्ही विचारलंत म्हणून: जावात जावास्क्रिप्ट कशाला

नवीन पोरं रुजू झाली की आठवड्याभरात विचारतात, "सर, द्राक्षखरेदीचं सगळं सॉफ्टवेअर जावात असताना हिशोबाचे नियम तेवढे जावास्क्रिप्ट या दुसऱ्याच भाषेत का?" अंबडच्या ऑफिसात हे इतक्यांदा ऐकलंय की एकदाचं लिहूनच टाकतो.

द्राक्षाचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. घटीचे (वजनातून किती टक्के कापायचं ते), ग्रेडचे नियम दिवसाआड बदलतात. प्रत्येक वेळी नवी वॉर फाइल, म्हणजे अख्खा जावा प्रोग्राम बांधलेली फाइल, सर्व्हरवर चढवायची म्हणजे तोवर वजनकाट्यावर गाड्या खोळंबणार. २०१४ साली जावा ८ सोबत नॅशहॉर्न आलं होतं, जावाच्या आत जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन. नियम डेटाबेसमध्ये ठेवायचे आणि तिथल्या तिथे चालवायचे. मला ते पटलं. आजही पटतं.

मग तो फेब्रुवारी. दिंडोरीकडचे एक काका हिशोबपट्टी घेऊन खिडकीशी आले. माल १,८४० किलो, ठरलेली घट २ टक्के, पट्टीवर ५. "साहेब, माझे पंचावन्न किलो गेले कुठं?" मी म्हणालो, "काका, कॉम्प्युटर चुकत नाही, तुमच्याच ऐकण्यात काहीतरी आलं असेल." त्यांनी पट्टीची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले.

तीन दिवस शोधलं. एकट्याने चालवलं की हिशोब बरोबर यायचा. दोन काट्यांवर एकाच क्षणी बटण दाबलं तेव्हा सापडलं. नियमात 'घट'च्या आधी 'व्हार' (हे नाव इथल्यापुरतंच, असं सांगणारा शब्द) लिहायचं राहिलं होतं, म्हणजे ती ग्लोबल, सगळ्यांची सामायिक. आणि सगळ्या थ्रेडना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांना, मिळून मी एकच इंजिन दिलेलं. शेजारच्या गाडीची घट काकांच्या पट्टीवर उतरली होती. थ्रेडिंगबद्दल विचारलं तर नॅशहॉर्न 'नल' सांगतं, म्हणजे एका वेळी अनेक थ्रेडनी वापरू नका. मी विचारलंच नव्हतं.

प्रत्येक रिक्वेस्टला वेगळं बाइंडिंग, म्हणजे अशा नावांचा स्वतःचा कप्पा, दिलं, हंगामाच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा काढल्या. अकरा चुकलेल्या निघाल्या. पैसे घरपोच दिले. काकांनी घेतले, पण पुढच्या वर्षी माल आणला नाही.

कित्येक वर्षं मी म्हणत आलो, चूक एका शब्दाची होती, निर्णयाची नाही. पण जावात ती ओळ कंपाइलच झाली नसती, चालण्याआधीच अडली असती, हेही खरं. नोडवर (सर्व्हरवर थेट जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेवर) जा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: तिथेही ग्लोबल ठेवा, मध्ये एक अवेट (वाट पाहताना दुसऱ्या कामाला वाट देणारा शब्द) येऊ द्या, हेच होईल. नॅशहॉर्न २०२० मध्ये जावा १५ मधून काढलं. आम्ही ते वेगळी लायब्ररी म्हणून जोडून चालवतोय.

गेल्या डिसेंबरात नियम जावात परत आणायचा प्रस्ताव मीच मांडला. जानेवारीत पहिल्याच दिवशी घट तीनदा बदलली आणि मीच तो मागे घेतला.