बाईंचा संगणक पुन्हा उभा करताना
मे महिन्यात वळीव कोसळला की दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या दुरुस्तीच्या दुकानात विजेने जळालेले संगणक येऊ लागतात. यंदा त्यांत शुक्रवार पेठेतील एका निवृत्त शिक्षिकेचा संगणक होता. त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवले, त्यामुळे आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो. निवृत्तीनंतर चौदा वर्षे राधानगरी, भुदरगड आणि आजरा तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या होत्या, आणि त्या टंकून, गावांनुसार लावून याच संगणकात ठेवल्या होत्या.

पॉवर सप्लाय, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कचे सर्किट, तिन्ही जळाले होते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे सर्किट काढून बसवले की डिस्क चालू होते, असे आमच्या धंद्यातले अनेकजण ग्राहकाला छातीठोकपणे सांगतात. पण त्या सर्किटवरील रॉम चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी साठवलेली असते, आणि ती चिप उचलून नव्या सर्किटवर डाग देऊन बसवल्याखेरीज आजच्या बहुतेक डिस्क वाचता येत नाहीत. मी त्या वाटेला गेलो नाही, कारण बाईंचा बॅकअप मी स्वतः लावून दिला होता आणि त्या कामाचा मला अभिमान होता.

जुलै 2021 मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा बाईंनी संगणक माडीवर हलवला होता. पाणी ओसरल्यावर त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "डी ड्राइव्हवर दुसरी प्रत आहे, तेवढी पुरे ना?" सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे आहेत आणि डिस्क गेली की दोन्ही एकदमच जातात, हे मी त्यांना समजावले. हा गैरसमज लोकांचा नव्हे, आमचा आहे. फॉरमॅट मारून झाल्यावर "तुमचे सगळे डीमध्ये सुरक्षित आहे" असे सांगणारे आम्हीच.

मग मी त्यांना एक टीबीची एक्स्टर्नल डिस्क घ्यायला लावली आणि विंडोजमध्येच असलेल्या सोयीने संपूर्ण संगणकाची इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्राम आणि फाइली यांसकट डिस्कची जशीच्या तशी प्रत, घेण्याची व्यवस्था करून दिली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इमेज घ्यायची आणि डिस्क पुराच्या पाण्यापासून दूर असलेल्या लेकीच्या घरी ठेवायची, असे ठरले. बाईंनी एकही रविवार चुकवला नाही. प्रत्येक वेळी बॅकअप यशस्वी झाल्याचा संदेश येई आणि त्या तारीख वहीत लिहून ठेवीत. मात्र ती इमेज दुसऱ्या डिस्कवर परत उतरते का, म्हणजे तिच्यावरून संगणक पुन्हा उभा राहतो का, हे मी एकदाही करून पाहिले नव्हते.

नव्या संगणकात 512 जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची चिपवाली डिस्क, होती. पेनड्राइव्हवरून सुरुवात करून मी इमेज निवडली, तेव्हा पडद्यावर आले की ही इमेज बायोसवर चालणाऱ्या संगणकाची आहे आणि हा संगणक ईएफआयवर चालतो, त्यामुळे ती येथे उतरवता येणार नाही. बायोस आणि ईएफआय या संगणक सुरू करण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती. नव्या बोर्डावर जुनी पद्धत चालू करण्याची सोयच नव्हती. म्हणून मी दुकानातील जुन्या यंत्राला तीच एसएसडी जोडली. तेथे दुसरा नकार मिळाला. मूळ डिस्क एक टीबीची होती. तिच्यातील माहिती 200 जीबीही नसली तरी या सोयीला मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठीच डिस्क लागते. मायक्रोसॉफ्टने 2017 मध्येच ही सोय पुढे विकसित न करण्याच्या यादीत टाकून इतरांची साधने वापरण्याचा सल्ला दिला होता, आणि मी ती 2021 मध्ये लावून दिली होती. फुकट होती, हाताशी होती, एवढेच कारण.

संध्याकाळपर्यंत बाई दुकानातील बाकावर बसून होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "तू सांगितलंस ते सगळं मी केलं. मग चुकलं कुठं रे?"

शेवटी इमेजच्या फोल्डरमधील सर्वांत मोठी व्हीएचडीएक्स फाइल, जिच्यात अख्खा ड्राइव्ह साठवलेला असतो, मी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून केवळ वाचण्यापुरती जोडली, आणि बाईंचे जुने सी ड्राइव्ह एका नव्या अक्षराखाली जसेच्या तसे उघडले. ओव्यांचे फोल्डर मिळाले. पहिली फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसत होता, आणि तो पाहून बाईंचा चेहरा उतरला. फाइल मात्र शाबूत होती. जुना मजकूर युनिकोड, म्हणजे आजची सर्वत्र चालणारी अक्षरपद्धत, येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला होता आणि ते फॉन्ट नव्या संगणकात नव्हते. अशा जुन्या मजकुराच्या केवळ फाइलींची प्रत ठेवणाऱ्या मराठी माणसाला हा फटका हमखास बसतो. आमच्याकडे विंडोजचे संपूर्ण जुने फोल्डर होते, म्हणून त्यातील फॉन्ट उचलून नव्या संगणकात बसवता आले. पाटगावची पहिली ओवी पडद्यावर नीट उमटली, तेव्हा बाईंनी ती मोठ्याने वाचली. शेवटच्या इमेजनंतर तीन आठवड्यांत टंकलेले तेवढे गेले. त्याच्या वह्या होत्या, म्हणून निभावले.

त्यानंतर आठवडाभर मी रोज दुकान बंद केल्यावर बॅकअपची वेगवेगळी साधने पारखत होतो. इमेज घेणे सगळ्यांनाच जमते, म्हणून मी तिकडे पाहिलेच नाही; प्रत्येक वेळी कोरी डिस्क लावून इमेज उतरवून पाहिली. क्लोनझिला भरवशाचे आहे, पण त्याच्या मूळ सेटिंगमध्ये तेही लहान डिस्क स्वीकारत नाही. वीम कंपनीच्या एजंट या फुकट साधनाने डिस्कचे कप्पे आक्रसून लहान डिस्कवर इमेज उतरवली, आणि त्याचा सुटका-पेनड्राइव्ह, म्हणजे विंडोज नसताना संगणक सुरू करून देणारा पेनड्राइव्ह, नव्या संगणकावर चालला. बाईंकडे आता ते आहे, आणि त्याशिवाय ओव्यांची साध्या फाइलींची वेगळी प्रत, तिच्यासोबत फॉन्टचे फोल्डर. युनिकोडमध्ये रूपांतराचे काम आम्ही दोघे मिळून तपासत आहोत, कारण रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात आणि ती बिघडलेली केवळ बाईंनाच ओळखता येतात.

2021 च्या पुरानंतर हीच व्यवस्था मी आणखी एकतीस घरी लावून दिली होती. दुकानाच्या वहीतून ती नावे काढून मी रोज दोघातिघांना फोन करतो. आतापर्यंत एकोणीस जण डिस्क घेऊन आले. त्यांपैकी चौघांच्या इमेज उतरल्या नाहीत, आणि एकाची डिस्क तर जोडलीच जात नाही. त्या एकाचा संगणक अजून चालू आहे, म्हणून उद्या सकाळी दुकान उघडण्याआधी मी त्यांच्या घरी जाणार आहे.