वादळात उलटलेलं होमबिल्ट फ्लोटप्लेन विकताना

अमेरिकेत असं हौसेनं स्वतः बांधलेलं, चाकांऐवजी पोकळ फ्लोटांवर पाण्यात उतरणारं विमान उलटून बुडाल्यावर विकायला काढलं की जाणकार गिऱ्हाईक किमतीआधी विचारतं: पाणी गोडं होतं की खारं? खाऱ्या पाण्यात बुडालेलं अ‍ॅल्युमिनियम रिव्हेटांच्या सांध्यांत आतून सडतं, वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. त्यामुळे इंजिन किती तास पाण्यात होतं, कधी धुतलं, हे जाहिरातीतच सांगून टाका. फोटो पंखाच्या स्पारला (पंखातल्या मुख्य तुळईला) स्ट्रट (पंखाला आधार देणारा दांडा) जोडतात तिथले हवेत, आणि पंखावरचं कापड सोलून काढलेले. वरवरचे फोटो बिनकामाचे. फिरता प्रोपेलर कशाला आपटला असेल तर इंजिन उघडून तपासणं आलंच, तो खर्च किमतीतून वजा धरा.

फ्लोट चांगले असतील तर वेगळे विका. '१५००' म्हणजे सहसा एका फ्लोटची पौंडांतली उचल. जोडीची ३०००, त्यात विमानाच्या वजनाच्या ८० टक्के जादा उचल राखीव धरली की भरलेलं विमान जेमतेम १६६६ पौंडांचं चालेल.

लॉगबुकं आणि वजन-तोलाचे कागद सोबत द्या. बांधणाऱ्याचं रिपेअरमन सर्टिफिकेट, म्हणजे वार्षिक तपासणीवर स्वतः सही करायची परवानगी, मात्र विमानाबरोबर जात नाही. नवा मालक दुरुस्ती स्वतः करू शकतो, पण वार्षिक तपासणीवर सही सहसा ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन या दोन्हींचा परवाना असलेल्या) मेकॅनिकची लागते. विम्याची पूर्ण भरपाई घेतली असेल, तर सांगाडा विमा कंपनीकडे न जाता तुमचाच राहिला आहे ना, ते आधी बघा.