आमची वाटचाल : पीएचपीवाले म्हणून हिणवलं तरी जळगावातच

जळगावात गोलाणी मार्केटमधे आमचं ऑफिस, काम पहिल्यापासून पीएचपी (वेबसाइटमागचा प्रोग्रॅम लिहायची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटा साठवायचा डेटाबेस) यांवर. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

दणका बसला २०१८ ला. पीएचपी ५.६ चा सिक्युरिटी सपोर्ट डिसेंबरअखेर बंद होणार, ७ मधून जुनी मायएसक्यूएल फंक्शनं काढूनच टाकलेली, म्हणजे एकूण एक क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) पीडीओवर, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या नव्या पद्धतीवर न्यायची, आणि नेमकी तेव्हाच पोरं निघाली. पुण्याच्या एका कंपनीनं (नाव घेत नाही, तेवढी त्यांची लायकी नाही) आमच्या गिऱ्हाइकांना सांगितलं पीएचपी मेली, आणि पोरांना सांगितलं बायोडाटावर पीएचपी असली तर पॅकेज विसरा. विकिपीडिया कशात लिहिलाय ते त्यांना कोण विचारणार. आज त्यांनाच लारावेल डेव्हलपर पाहिजेत, लारावेल म्हणजे पीएचपीतलाच तयार सांगाडा, ते काय जावात लिहिलंय का!

नाव खराब झालं ना भो, की हुशार पोरगं इंटरव्ह्यूलाच येत नाही, पायथन शिकून हिंजवडी गाठतं. येतो तो जुना यूट्यूब कोड उचलून, युजरनं टाइप केलेलं सरळ क्वेरीत चिकटवणारा, म्हणजे कुणीही त्यातून स्वतःची आज्ञा घुसवावी. मग डेटा फुटला की लोक म्हणतात बघा, भाषाच भंगार. खोडी होत्याच, नाही कोण म्हणतं, पीएचपी ८ च्या आधी बरोबरची दोन चिन्हं टाकून तुलना केली तर शून्य आणि ‘रावेर’ सारखेच निघायचे. आम्ही तीन चिन्हं लावायचो, विषय संपला.

तेव्हा तगलो ते सावद्याच्या केळीवाल्या शेठमुळे. गाडीवार वजन, कडता (वजनातली कपात), शेतकऱ्याची पट्टी (मालाचा हिशोब), सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर. पुण्याचा माणूस डेमोला आला, तर शेठनी विचारलं कडता कुठं टाकायचा, त्याला कडता म्हणजे काय तेच माहीत नाही. शेठनी त्याला चहा पाजला आणि आम्हाला वर्षाचं मेंटेनन्स आगाऊ दिलं, त्यातूनच पगार निघाले.

नवीन फर्म काढणाऱ्यांनो, विचारलं नाही तरी सांगतो, जाहिरातीत भाषेचं नाव टाकूच नका, काम काय आहे ते लिहा. पोराला लॅपटॉप देऊन केळीची पट्टी काढायला लावा, त्याला येईल त्या भाषेत. न सांगता प्रीपेअर्ड स्टेटमेंट लिहिलं (युजरनं टाइप केलेलं क्वेरीपासून वेगळं ठेवायची पद्धत), वजनात अक्षर टाकल्यावर प्रोग्रॅम अडला, तर ठेवून घ्या, पीएचपी महिन्याभरात शिकतो. आणि पगार सात तारखेच्या आत करा, नाहीतर पुणे काही लांब नाही.